ओतावे की घडावे: हा निवाडा कोणत्या भाषेत होतो?

या लेखमालेत आजवर पाट्यांविषयी, जमिनीच्या उताऱ्यांविषयी, मराठी शाळांतील रिक्त जागांविषयी पुष्कळ लिहून झाले. आज लोखंडाविषयी लिहितो आहे. भाषेच्या लेखांत लोखंड कशाला, अशी शंका काही वाचकांना येईल. त्यांनी एका खटल्याची हकिकत आधी ऐकून घ्यावी. खटला जुना आहे, निकाल लागून बरीच वर्षे झाली आहेत, आणि पक्षकारांची नावे सांगण्याचे प्रयोजन नाही.

उसाच्या ट्रॉल्या बनवणारा एक कारखानदार आणि त्याला बिडाचे सुटे भाग ओतून देणारा एक फाउंड्रीवाला, असे दोन पक्ष होते. मी फाउंड्रीवाल्याचा वकील. ट्रॉलीच्या दांडीला पुढे जी कडी असते, जिच्यामुळे ट्रॉली ट्रॅक्टरला जोडली जाते, ती कडी पूर्वी लोहाराकडून घडवून घेतली जात असे. नग वाढले, घडाईचा खर्च डोळ्यांवर आला, तेव्हा कारखान्यातल्या तरुण अभियंत्याने नवे ड्रॉइंग काढले आणि धातूच्या रकान्यात ‘ग्रे कास्ट आयर्न’ असे लिहिले. म्हणजे आपले साधे बीड. फाउंड्रीने ड्रॉइंगबरहुकूम कड्या ओतून दिल्या. गळीत हंगामात भरलेली ट्रॉली चढावर असताना त्यांतील एक कडी तुटली, ट्रॉली मागे घसरली आणि ऊसतोड टोळीतल्या एका माणसाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ट्रॉलीवाल्याने त्याला भरपाई दिली आणि ती वसूल करण्यासाठी माझ्या अशिलावर दिवाणी दावा लावला. म्हणणे असे की, ओतकाम सदोष होते.

ओतकामात दोष नव्हता. तुटलेल्या कडीची तपासणी झाली. आत पोकळी नव्हती, वाळू अडकलेली नव्हती, गॅसची भोके नव्हती. बीड जसे असावे तसे होते. दोष निवडीत होता. ओढ आणि हिसका सोसणारी वस्तू बिडाची करायचीच नसते.

त्या अभियंत्याची उलटतपासणी मी घेतली. मुलगा आपलाच, खेड्यातल्या मराठी शाळेतून दहावी झालेला, पुढे पदविका आणि पदवी इंग्रजीत. मी विचारले, ही कडी घडीव न ठेवता ओतीव का ठरवली? त्याने इंग्रजीत ओतकामाची व्याख्या सांगितली: वितळलेला धातू साच्यात ओतून, थिजवून, इष्ट आकार मिळवण्याची प्रक्रिया. व्याख्या अचूक होती. मी पुन्हा विचारले, ती प्रक्रिया या कडीसाठी का? त्याने फायदे सांगितले, तेही क्रमवार, पुस्तकातल्या क्रमाने. तिसऱ्यांदा मी मराठीत विचारले, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “सर, पेपरात असा प्रश्न येत नव्हता.”

त्याच दाव्यात फाउंड्रीतला जुना मोल्डर साक्षीला आला. शाळा चौथीपर्यंत. त्याला मी तोच प्रश्न केला. तो म्हणाला, “वकीलसाहेब, बिडाला दाबाय घाला, डोंगर ठेवा वर, काय होत न्हाई. वडाय गेला की तटाककन मोडतंय बघा. घरात बिडाचा तवा हाय न्हवं? पडला तर काय होतंय? फुटतोय. पत्र्याचा तवा पडला तर? चेपतोय, फुटत न्हाई. एवढंच हाय ते.” मग तुम्ही कोणाला सांगितले नाही का, असे विचारल्यावर त्याचे उत्तर होते, “सांगितलो की फोरमनला. त्यांनी म्हटलं, कागदावर लिवलंय.”

ही साक्ष नोंदवली कशी गेली, तेही सांगतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 137 नुसार कनिष्ठ न्यायालयाची भाषा राज्य सरकार ठरवते; आमच्याकडे ती कन्नड, आणि व्यवहारात इंग्रजीही चालते. मोल्डरचे मराठी बोलणे टंकलेखकाच्या कागदावर उतरले तेव्हा त्याचे एकच इंग्रजी वाक्य झाले होते. अर्थ असा: ‘कास्टिंग बरोबर नव्हते, असे साक्षीदार सांगतो.’ माझ्या अशिलाच्या गळ्यालाच फास! साक्षीदार म्हणत होता की कडी ओतायलाच नको होती, आणि नोंद झाली होती की कडी नीट ओतली गेली नव्हती. निवडीवरचा आक्षेप कारागिरीवरचा आक्षेप होऊन बसला. न्यायाधीशमहाशय समंजस होते, विनंती केल्यावर दुरुस्ती झाली. दावा आम्ही जिंकलो. मात्र तो पाय गेलेला माणूस या दाव्यात पक्षकारसुद्धा नव्हता, आणि ज्या दोन माणसांच्या संभाषणाने त्याचा पाय वाचला असता, त्यांची पहिली भेट न्यायालयात झाली. एकाला कारण ठाऊक होते पण कागद वाचता येत नव्हता. दुसऱ्याला कागद लिहिता येत होता पण कारण ठाऊक नव्हते. आणि दोघेही मराठी होते!

माझा आरोप त्या मुलावर नाही. आरोप त्याला शिकवणाऱ्या पद्धतीवर आहे, आणि ज्या भाषाव्यवहाराने ती पद्धत पोसली त्यावर आहे.

वस्तू कशी बनवावी, याचे शिक्षण आपल्या तंत्रशाळांत प्रक्रियांची यादी म्हणून दिले जाते. ओतकाम एक प्रकरण, घडाई दुसरे, वेल्डिंग तिसरे, यंत्रावरचे कातकाम चौथे, पत्राकाम पाचवे. प्रत्येक प्रकरणात व्याख्या, आकृती, फायदे, तोटे, उपयोग. विद्यार्थी एक प्रकरण संपवून दुसऱ्यात शिरतो, आणि दोन प्रकरणांच्या मधल्या जागेत उभे राहून ‘या वस्तूसाठी यातले कोणते?’ असे त्याला कोणी विचारत नाही. खरे शिक्षण तर त्या मधल्या जागेतच आहे. उद्यमबागेतल्या कोणत्याही छोट्या कारखानदाराला विचारा, सकाळी गिऱ्हाईक एखादा नमुना हातात ठेवते तेव्हा तो काय विचार करतो? नग किती हवेत? एकच हवा असेल तर पट्ट्या कापून वेल्डिंगने जोडून टाकू. पन्नास हवे असतील तर लाकडी पॅटर्न करून वाळूत ओतू. पन्नास हजार हवे असतील आणि अॅल्युमिनियम चालत असेल, तर लाखांत जाणाऱ्या पोलादी डायचा खर्च प्रत्येक नगावर पैशांत उतरेल, मग डायकास्टिंगचा विचार करू. वस्तू दाब सोसणार की ओढ? हिसके बसणार का? तुटली तर यंत्र बंद पडेल की माणूस मरेल? किती अचूक हवी? मोडल्यावर गावातला वेल्डर ती जोडू शकेल का? बिडाला वेल्डिंग सहजी धरत नाही, हेही त्यात आलेच.

या विचारात शास्त्र ठासून भरलेले आहे. बिडात कार्बन शेकडा दोनहून अधिक, बहुधा तीन-साडेतीन असतो. साध्या नरम पोलादात तो शेकडा पावाच्या आतच. त्या जादा कार्बनमुळे बीड सुमारे 1200 अंश सेल्सिअसला पातळ होऊन साच्याच्या कानाकोपऱ्यांत पाण्यासारखे धावते, तर पोलाद वितळायला 1500 अंशांच्या आसपास जावे लागते. म्हणून बीड ओतायला स्वस्त. पण तोच कार्बन थिजताना ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने धातूत पसरतो, आणि ओढ बसली की प्रत्येक पापुद्रा चिरेचे तोंड ठरतो. म्हणून बीड ओढीला कच्चे. आणि तेच पापुद्रे कंप जिरवतात, म्हणून लेथचा बेड बिडाचाच उत्तम. एकच कारण एका जागी गुण आणि दुसऱ्या जागी घात! हे ज्याला समजले त्याला पुढचेही समजते: वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम मिसळले की ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात बसते आणि बीड पुष्कळ चिवट होते. त्याला एसजी आयर्न म्हणतात आणि मोटारींचे क्रँकशाफ्टसुद्धा त्याचे ओततात. म्हणजे ‘ओतीव नको, घडीवच हवे’ हाही अंतिम नियम नव्हे. त्या कडीच्या बाबतीत कोणी एवढा विचार बोलून दाखवला असता, तर कदाचित ओतकामातूनही सुरक्षित वाट निघाली असती. निदान कडी घडीव ठेवावी, एवढे तरी खास ठरले असते.

आता भाषेकडे येतो. वरचा परिच्छेद पुन्हा पाहा. त्यात कार्बन आहे, ग्रॅफाइट आहे, मॅग्नेशियम आहे, क्रँकशाफ्ट आहे. हे शब्द परके आहेत म्हणून माझे काही अडले नाही. मग विचार चालला कशावर? ‘म्हणून’, ‘पण’, ‘तर’, ‘तोच’, ‘ऐवजी’, ‘निदान’. निवड करणे म्हणजे ‘यापेक्षा ते’ म्हणता येणे, ‘जर असे तर तसे’ म्हणता येणे, ‘एरवी चालले असते पण इथे नको’ म्हणता येणे. नामे उसनी आणता येतात. अव्यये आणि क्रियापदांचे अर्थ उसने आणून विचार करता येत नाही, निदान अठरा वर्षांच्या, नुकत्याच माध्यम बदललेल्या मुलाला तरी येत नाही. दहावीपर्यंत मराठीत तर्क करणारे मूल अकरावीला किंवा पदविकेला एका उन्हाळ्यात इंग्रजीत टाकले जाते. त्याला नामे पाठ होतात, वाक्ये पाठ होतात. नवे वाक्य बनवून वाद घालणे मात्र त्याला वर्षानुवर्षे साधत नाही. आणि ज्याला वाद घालता येत नाही, त्याला निवड करता येत नाही. तो व्याख्या लिहितो, गुण मिळवतो आणि ड्रॉइंगच्या रकान्यात जे स्वस्त ते लिहितो.

आमच्यातले शुद्धिवादी यावर जो उपाय सुचवतात, तोही मला मान्य नाही. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढले, वाईहून विश्वकोश निघाला, हे ऋण मोठे आहे आणि ते मी मान्य करतो. परंतु ‘बहिःसारण’ हा शब्द मुलाच्या तोंडी घातला म्हणजे त्याला शेवेचा सोऱ्या आणि अॅल्युमिनियमच्या खिडकीची पट्टी यांतले साम्य कळले, असे होत नाही. सोऱ्या दाखवा, साधे पीठ घालून दाबा, ताटलीतील भोकाचा आकार बदला. मग त्याला बहिःसारण म्हणा नाही तर एक्सट्रूजन म्हणा. व्याख्येचे भाषांतर ही शेवटी व्याख्याच असते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2021 साली मराठी, कन्नड यांसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास अनुमती दिली, त्याचे मी स्वागत केले होते. पण तीच यादी, तीच प्रकरणे, तेच फायदे-तोटे देवनागरीत उतरवून दिले, तर पाठांतराची लिपी बदलली, यापलीकडे काय साधेल?

शब्दांची टंचाई हा बहाणा तर मुळीच चालू देऊ नका. या भाषेने प्रक्रियांची निवड माणसांच्या नावांत गोठवून ठेवली आहे. ओततो तो ओतारी, ठोकून घडवतो तो तांबट, तापवून घडवतो तो लोहार. एकाच गावात तिघे वेगळे का? तांब्याचा हंडा ठोकून का करतात आणि देवळातली घंटा ओतून का? पदविकेच्या पहिल्या तासाला हा एक प्रश्न फळ्यावर लिहावा आणि तासभर मुलांना भांडू द्यावे. तांबे मऊ, ठोकले की पसरते, आणि ठोकता ठोकता कठीण होत जाते. म्हणून मठारलेला हंडा पातळ असूनही टिकतो, आणि मध्ये मध्ये तो भट्टीत तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. घंटेचे कांसे वेगळे, त्यात कथिलाचा वाटा साधारण पाचवा हिस्सा. ते नाद छान देते, पण थंडपणी ठोकाल तर तडकते. शिवाय घंटेची भिंत ओठाशी जाड आणि वर निमुळती हवी, तो आकार साच्यातच मिळतो. नारोशंकराची घंटा पाहायला नाशिकला जाणाऱ्या किती अभियंत्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारला असेल? (माझ्यासारख्या वकिलालाही तो त्या मोल्डरने विचारायला लावला, हे कबूल करतो. तोवर मला ‘घडवणे’ आणि ‘बनवणे’ यांत फरक वाटत नव्हता.)

आणि हे सर्व बेळगावात सांगावे लागते, याची तर लाज वाटते. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात 1888 पासून मोजतो, ती या गावातल्या सायकलच्या दुकानापासून. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, म्हणजे कन्नड मुलखातले मराठी घर. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. इथे येऊन त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल, अशी तेव्हाच्या शेतकऱ्याची धास्ती होती, असे सांगतात. त्या शेतकऱ्याला नांगर विकायचा म्हणजे लाकडापेक्षा लोखंड का, फाळ कोणत्या जातीचा, मोडला तर काय, हे सारे त्याच्याच बोलीत पटवून देणे आले. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली आणि 1910 साली औंध संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या कारखान्यातून पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक निघाले, ही गोष्ट आपण साहित्याच्या इतिहासात कौतुकाने सांगतो. तंत्राच्या इतिहासात ती कोण सांगतो? यंत्र आणि मराठी गद्य एकाच आवारात वाढू शकतात, याचा त्याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

वडोदऱ्याच्या वाचकांना आपल्या गावातले कलाभवन आठवत असेल. सयाजीराव महाराजांनी 1890 साली ते काढले, आणि त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की धंदेशिक्षण देशी भाषेतूनच द्यावे. हैदराबादकरांना उस्मानिया विद्यापीठ ठाऊक आहे. 1918 साली सुरू झालेल्या त्या विद्यापीठाने अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवली आणि त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते चालवले. मराठवाड्यातल्या मराठी मुलांना त्या उर्दूचा जाच झाला, हे खरेच. पण देशी भाषेत उच्च तंत्रशिक्षण अशक्य आहे, हा युक्तिवाद तरी त्याने कायमचा खोडून काढला आहे.

माझ्यावर दोन आक्षेप येतील. पहिला नोकरीचा: पुण्यात, बेंगळुरूत मुलाखत इंग्रजीत होते. होते, आणि मुलांनी इंग्रजी उत्तम शिकलेच पाहिजे. पण मुलाखत घेणारा काय विचारतो? हातात एक भाग देतो आणि म्हणतो, हा कसा बनला असेल, आणि असाच का? ज्याने कारण एका भाषेत पक्के केले आहे, तो ते दुसऱ्या भाषेत अडखळत का होईना सांगतो. ज्याने कोणत्याच भाषेत केलेले नाही, त्याचे इंग्रजी कितीही सफाईदार असले तरी तो व्याख्येशीच थांबतो. ते मी साक्षीच्या पिंजऱ्यात पाहिले आहे.

दुसरा आक्षेप राजकीय: ही मागणी कन्नडविरोधी आहे. अजिबात नाही. बैलहोंगलच्या कन्नड शाळेतून आलेल्या मुलाचे नेमके हेच नुकसान होते. कन्नडात ओतकामाला ‘एरक’ हा अस्सल शब्द आहे, लोहाराला ‘कम्मार’ आहे. तो मुलगाही ते शब्द घरी ठेवून वर्गात येतो. उद्यमबागेत एकाच साच्याच्या दोन टोकांना मराठी आणि कन्नड मोल्डर बसतात आणि त्यांचे कधी अडत नाही. अडते ते वरच्या मजल्यावर, जिथे ड्रॉइंग निघते. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय याच शहरात आहे, 1998 पासून. त्याच्या कुंपणापासून फाउंड्र्यांची धुराडी काही फार दूर नाहीत, पण धुराड्याखालचे शहाणपण त्या कुंपणाच्या आत नेणारी भाषा कोणती, हा विचार कोणत्याच सरकारने केला नाही. कर्नाटकाने केला नाही, कारण उत्तर कन्नडबरोबर मराठीही असे निघाले असते. महाराष्ट्राने केला नाही, कारण त्याच्याच अंगणात कोल्हापूरच्या शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत हेच चित्र आहे.

आणि आपण केला नाही. हा आरोप मी स्वतःवरही ठेवतो, कारण चळवळीत माझी उमर गेली. 1956 ची पुनर्रचना, 1967 चा महाजन अहवाल, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, हे आम्हाला पाठ आहे. त्या मुलाला ओतकामाची व्याख्या पाठ होती तसेच. आम्ही पाटीवरची अक्षरे मागितली, बसवरची मागितली, कार्यालयातले अर्ज मागितले, आणि ते मागणे योग्यच होते. पण कारखान्यात, प्रयोगशाळेत, ड्रॉइंगच्या फळ्यावर मराठीने काय काम करावे, हे आम्ही कधी मागितले नाही. भाषा म्हणजे ओळखीची खूण एवढेच धरून बसलो. ती हत्यारही आहे, हे विसरलो.

कायद्याची बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर लोक न्यायालयाकडे डोळे लावून बसतात. घटनेचा अनुच्छेद 350 क मातृभाषेतील शिक्षणाची सोय करण्यास सांगतो, पण प्राथमिक टप्प्यापुरतीच. शिक्षणमाध्यमाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2014 साली कर्नाटकाच्याच प्रकरणात ठरवले की प्राथमिक शाळेतही राज्य मातृभाषा लादू शकत नाही, निवड पालकांची. तंत्रशिक्षण मराठीतून मिळण्याचा मूलभूत हक्क मी माझ्या अशिलाला लिहून देऊ शकणार नाही. जे मिळवायचे ते अभ्यासमंडळांकडून, प्राचार्यांकडून, विभागप्रमुखांकडून मिळवावे लागेल, आणि काही अंशी आपणच उभे करावे लागेल.

म्हणून अर्जाचा मसुदा तयार केला आहे. त्यात तीनच मागण्या आहेत. कार्यशाळेच्या तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला ‘का’चे उत्तर मराठीत किंवा कन्नडात देण्याची मुभा असावी आणि त्याचे गुण कापू नयेत. कार्यशाळेच्या वहीत प्रत्येक कामामागे एक पान असे असावे की ज्यात ही वस्तू आणखी कोणत्या दोन पद्धतींनी करता आली असती आणि त्या का टाळल्या, हे विद्यार्थ्याने स्वतःच्या भाषेत लिहावे. आकृती नको, व्याख्या नको. आणि प्रत्येक सत्रात दोन तास एखादा काम करणारा मोल्डर, लोहार किंवा वेल्डर वर्गात बोलवावा, मानधन देऊन. तो मोल्डर आता निवृत्त आहे. त्याला मी विचारले, तो हो म्हणाला. येताना एक फुटका तवा आणि एक चेपलेला तवा आणीन, एवढीच त्याची तयारी.

एका संस्थेच्या प्रमुखांना मसुदा आधीच दाखवला. ते म्हणाले, हे अभ्यासक्रमात बसत नाही. मी म्हटले, ते मला ठाऊक आहे, म्हणूनच अर्ज आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत ज्यांची मुले पदविका किंवा पदवीला आहेत, अशा पालकांच्या सह्या हव्या आहेत. कन्नड पालकांच्या सह्यांसाठी कन्नड मसुदाही केला आहे. रविवारी सकाळी मी कार्यालयातच असतो.